रणगाड्यात चौघे होते : पुण्यातल्या गणेश मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, उत्सवप्रमुख आणि सर्व कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, पुणे शहर

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या देखाव्यांचे विषय ठरवायला तुमच्या बैठका सुरू झाल्या असतील. मांडव पडायला अजून अवकाश आहे, वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला जायची आहेत. म्हणजे संहितेला हात लावायला वेळ आहे. म्हणून आत्ताच लिहिते आहे. उत्सवाच्या तोंडावर लिहिलं तर ‘ताई, रेकॉर्डिंग झालं, आता काही होत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं.

ज्या मंडळांनी यंदा सैनिकांवरचा जिवंत देखावा करायचं ठरवलं आहे, त्यातही १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात रणगाड्यात लढताना धारातीर्थी पडलेले, परमवीरचक्राचे मानकरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हा विषय ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. पेठेतले जिवंत देखावे मी फ्रॉक घालायच्या वयापासून बघत आले आहे. दिवसभर नोकरी करून रात्री अकरा-अकरापर्यंत तालमी करणारी तुमची पोरं मला ठाऊक आहेत. बाजी प्रभू, तानाजी, चापेकर बंधू ही माणसं या शहरातल्या कितीतरी मुलांना पहिल्यांदा भेटली ती मांडवातच. त्यामुळे तुमच्या दहा-बारा मिनिटांचं वजन किती असतं हे मला कुणी सांगायला नको. त्याच हक्काने बोलते आहे.

गेल्या वर्षी एका मंडळाने अरुण खेत्रपालचा देखावा केला होता. मंडळाचं नाव इथे घेत नाही, कारण मेहनत खरोखर मोठी होती. प्लायवूडचा रणगाडा, त्याची फिरणारी तोफ, धुराचं यंत्र, सगळं होतं. अरुणचं काम करणारा मुलगा विशीतलाच असावा. जाड कापडाच्या गणवेशात घामाने निथळत होता, चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटली होती, तरी चेहऱ्यावरचा भाव त्याने ढळू दिला नाही. पण त्याला करायला काय दिलं होतं? रणगाड्यातून उडी मारून बाहेर यायचं, पिस्तूल रोखायचं, लांबलचक भाषण करायचं, एकट्याने सगळे शत्रू लोळवायचे आणि तिरंगा कवटाळून पडायचं. समोरचे पाकिस्तानी अधिकारी खलनायकासारखे खदाखदा हसत होते. रणगाड्यात दुसरं कुणीच नव्हतं. निवेदनात त्याला ‘आजवरचा सर्वांत तरुण परमवीर’ म्हटलं होतं. १९७१ साली ते खरं होतं. १९९९ साली टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्र सिंह यादव तेव्हा १९ वर्षांचे होते, आणि अरुण गेला तेव्हा २१ वर्षांचा होता.

माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. नातवाने विचारलं, “आजोबा, मग रणगाडा चालवत कोण होतं?” त्या पोराला जे सुचलं ते संहिता लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं.

अरुणला मी एकेरीत संबोधते आहे, कारण गेला तेव्हा तो माझ्या धाकट्या मुलाहून लहान होता. आता त्याची खरी हकिकत सांगते. ती तुमच्या देखाव्यापेक्षा मोठी आहे, आणि तिचे बरेच धागे आपल्याच मातीत आहेत.

त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्याचा. घराणं मूळचं सरगोध्याचं, फाळणीत पलीकडे गेलेलं गाव. वडील एम. एल. खेत्रपाल लष्करात इंजिनिअर्समध्ये अधिकारी. आजोबा पहिल्या महायुद्धात लढलेले, आणि पणजोबा त्याही आधी शिखांच्या खालसा फौजेत इंग्रजांविरुद्ध लढलेले. शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये. १९६७ मध्ये तो खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, आपल्या एनडीएत, दाखल झाला. फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनचा तो कॅडेट कॅप्टन होता. आज एनडीएच्या दीक्षान्त संचलनाची बातमी दर सहा महिन्यांनी आपण वाचतो, ते संचलन ज्या मैदानावर होतं त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. नाव वाचून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. देखावा करायचाच तर तिथून सुरुवात करा की! सिंहगडाच्या पायथ्याजवळचं ते मैदान तुमच्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी रस्त्यावरून जाता-येता लांबून पाहिलं असेल.

डेहराडूनचं प्रशिक्षण संपवून १३ जून १९७१ रोजी तो १७ पूना हॉर्समध्ये अधिकारी झाला. ही घोडदळाची जुनी पलटण. १८१७ साली इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर जो तह लादला, त्यात पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभं करायचं ठरलं, तिथून हिची वंशावळ सुरू होते. म्हणून नावात पुणे. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर चाविंड्याच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि परमवीर ठरले. सहा वर्षांनी त्याच पलटणीत, तेही डिसेंबर १९७१ मध्ये, दुसरं परमवीरचक्र येणार होतं.

युद्ध पेटलं तेव्हा अरुण नगरला होता. आता आपण अहिल्यानगर म्हणतो तिथे चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा आहे, त्या शाळेत नव्या अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम तो करत होता. अर्धवट अभ्यासक्रमातून बोलावणं आलं. दिल्लीला घरी थांबून तो सरहद्दीकडे गेला. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा गणवेश घेतला होता, लाहोरला पोचल्यावर लागेल म्हणून, अशी घरच्यांची आठवण आहे. तुमच्या संहितालेखकाला हात जोडून सांगते, हा प्रसंग सोडू नका. देशभक्तीचं भाषण ठोकण्यापेक्षा सामानात गोल्फच्या काठ्या भरणारा एकवीस वर्षांचा मुलगा दाखवा. समोरची कॉलेजची पोरं त्याला लगेच ओळखतील. बॅग भरताना तीही असंच करतात.

आता बसंतर. रावीला मिळणारी ही नदी पाकिस्तानातल्या पंजाबात शकरगढच्या परिसरातून वाहते. जम्मूला पठाणकोटशी जोडणारा रस्ता तिथून जवळ, म्हणून तो भाग दोन्ही बाजूंना महत्त्वाचा. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या ४७ इन्फंट्री ब्रिगेडच्या पायदळाने नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. जरपाल गावात ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग आपल्या जवानांसह टिकून होते. त्यांनाही पुढे परमवीरचक्र मिळालं, आणि ते जिवंतपणी. पायदळ पुढे गेलं, पण रणगाडे मागे राहिले होते, कारण मधल्या पट्ट्यात शत्रूने दाट सुरुंग पेरले होते. इंजिनिअर्स रात्रभर अंधारात, शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढून वाट मोकळी करत होते. काम अर्ध्यावर असताना पलीकडून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे. वाट पुरी व्हायची वाट न बघता पूना हॉर्सने रणगाडे त्या सुरुंगांच्या शेतातून पुढे घातले.

इथे थांबून एक मागणी करते. तुमच्या देखाव्यात सुरुंग काढणारी माणसं हवीत. जमिनीवर पालथे पडून, बोटांनी माती चाचपत पुढे सरकणारे दोन-तीन कार्यकर्ते, एवढ्यानेही भागेल. त्या लढाईत इंजिनिअर्सचे मेजर विजय रतन चौधरी कामी आले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. अरुणचे वडील इंजिनिअर्सचेच अधिकारी. बाप ज्या दलाचा, त्याच दलाच्या माणसांनी रात्रभर खपून केलेल्या वाटेवरून मुलगा रणगाडा घेऊन गेला. हा योग कुठल्याही नाटककाराला सुचला नसता.

१६ डिसेंबरच्या सकाळी धुराचा पडदा करून पाकिस्तानी रणगाड्यांनी जरपालवर प्रतिहल्ला चढवला. पूना हॉर्सच्या ‘बी’ स्क्वाड्रनने रेडिओवरून कुमक मागितली. अरुण ‘ए’ स्क्वाड्रनमध्ये होता. रेडिओवरचा निरोप ऐकून तो आपली तुकडी घेऊन आपणहून निघाला. नदी ओलांडताना शत्रूच्या शिल्लक ठाण्यांमधून आणि रणगाडाविरोधी तोफांमधून मारा सुरू झाला. वळसा घालायला वेळ नव्हता. त्याने सरळ त्या ठाण्यांवर रणगाडे घातले, मोर्चे तुडवले, तिथले सैनिक पिस्तुलाच्या धाकाने पकडले. (पिस्तुलाचा प्रसंग खरा आहे, फक्त तो या ठिकाणचा आहे, शेवटचा नाही.) या धामधुमीत त्याच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. तरीही तो ‘बी’ स्क्वाड्रनपर्यंत पोचला, आणि माघार घेणाऱ्या रणगाड्यांच्या मागे लागून त्यातला एक त्याने उडवला.

मग दुसरा हल्ला आला, पहिल्याहून जोरदार. तो रोखायला त्या पट्ट्यात तीन रणगाडे होते: अरुणचा आणि आणखी दोन अधिकाऱ्यांचे. या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यातले चार अरुणच्या नावावर नोंदले आहेत. त्याच्या स्वतःच्या रणगाड्यावर गोळा बसून आग लागली, तो जबर जखमी झाला. रणगाडा सोडून बाहेर पड, असा हुकूम रेडिओवर आला. त्याने कळवलं की तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही. त्यानंतर आणखी एक रणगाडा त्याने टिपला. मग त्याच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला.

त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. सेंच्युरियन जातीचा, पन्नासेक टनांचा. त्यात चौघे बसतात, आणि तुमच्या कलादिग्दर्शकाने हे नीट समजून घ्यावं. ड्रायव्हर पुढे, खाली, स्वतंत्र कप्प्यात. वर फिरत्या घुमटात उजवीकडे गनर, त्याच्या पाठीशी जरा उंचावर कमांडर, इतका जवळ की कमांडरचे गुडघे गनरच्या पाठीला लागावेत. डावीकडे तोफेत गोळा भरणारा, रेडिओही तोच सांभाळतो. लक्ष्य हेरायचं कमांडरने, गोळा भरायचा एकाने, नेम धरायचा दुसऱ्याने, आणि हे सगळं होत असताना रणगाडा हलता ठेवायचा चौथ्याने. एकाचा हात चुकला तर चौघे संपतात. फामागुस्तामध्ये अरुणबरोबर ड्रायव्हर प्रयाग सिंग, गनर नथू सिंग आणि रेडिओ ऑपरेटर नंद सिंग होते. नंद सिंग अरुणच्या आधी, त्याच रणगाड्यात गेला. अरुणने आत थांबायचं ठरवलं तेव्हा तो एकटा थांबला नव्हता. आपल्याबरोबर आणखी कुणाचे जीव आहेत हे माहीत असलेल्या पोराने तो निर्णय घेतला, आणि त्याच्या माणसांनी तो पाळला. निर्णयाचं ओझं कळतं ते इथे. रणगाड्यात त्याला एकटा दाखवलात तर हे सगळंच हातून जातं, उरते फक्त आतषबाजी.

म्हणून माझी मुख्य मागणी हीच आहे. रणगाड्याची एक बाजू उघडी ठेवा. आतले चौघे लोकांना दिसू द्या. मुलाच्या भाषणाऐवजी चौघांचं तुटक बोलणं, गोळा भरल्याचा आवाज, रेडिओची खरखर ऐकवा. आणि निवेदनात नंद सिंगचं नाव एकदा तरी घ्या.

त्याच १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही बंदुका थांबल्या. सांब्याजवळ अरुणवर अंत्यसंस्कार झाले. दिल्लीच्या घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. युद्ध संपलं, मुलगा येईल म्हणून त्याची खोली आवरून ठेवली होती, त्याची मोटरसायकल दुरुस्त करून आणली होती. मग तार आली. आईच्या प्रसंगात हंबरडा घालू नका, ही विनंती. आवरलेली खोली आणि दारातला तारवाला पुरे आहे. परमवीरचक्र पुढे त्या माउलीनेच, महेश्वरी खेत्रपाल यांनी स्वीकारलं.

त्या पदकाची आकृतीही एका मराठी घरातून आलेली आहे. सावित्री खानोलकर मूळच्या युरोपातल्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या, आणि आपली पुराणं त्यांनी आपल्यापेक्षा नीट वाचली. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्यांपासून इंद्राचं वज्र झालं. ते वज्र चार वेळा त्या काशाच्या छोट्या पदकावर कोरलेलं आहे. आजवर २१ जणांना हे चक्र मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर.

आता अवघड भाग. २००१ मध्ये अरुणचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल, वय ८१, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला तो ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. मोठ्या आदराने, घरच्या वडीलधाऱ्यासारखं ठेवलं. परत निघायच्या आदल्या रात्री नासर यांनी त्यांना सांगितलं की बसंतरच्या लढाईत समोरच्या १३ लान्सर्स या पाकिस्तानी रणगाडा पलटणीचे ते अधिकारी होते, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. दोघांनी एकाच वेळी एकमेकांवर गोळा डागला होता. पुढे त्यांनी ब्रिगेडियर खेत्रपालांना लिहून दिलं की विजय आणि पराजयाच्या मध्ये अरुण एखाद्या अभेद्य खडकासारखा उभा राहिला. त्या मजकुराखाली २ मार्च २००१ ही तारीख आहे.

मी हा प्रसंग देखाव्यात घ्या म्हणते आहे, आणि तुमच्या बैठकीत यावर काय बोलणं होईल ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. ‘पाकिस्तानी माणूस चांगला दाखवला तर लोक चिडतील.’ ‘वातावरण बघा.’ ‘प्रायोजक काय म्हणतील?’ मला हे पटत नाही. ज्याने प्रत्यक्ष रणांगणावर समोरून पाहिलं, ज्याचा हल्ला या पोरामुळे फसला, त्याने तीस वर्षांनी, कुणी मागितलेली नसताना दिलेली ही साक्ष आहे. याहून मोठा पुरावा कुठल्या निवेदकाच्या आवाजात आहे? आणि समोरचा शत्रू खदाखदा हसणारा भित्रा विदूषक असेल, तर त्याला हरवण्यात अरुणचं मोठेपण ते काय? त्याच्यासमोर शिकलेले, हिमतीचे, तयारीचे सैनिक होते. ते होते म्हणूनच आपण अरुणचं नाव घेतो. ज्या शहराने औरंगजेबासारख्या बलाढ्य शत्रूशी झालेल्या लढायांच्या गोष्टी सांगत पोरं वाढवली, त्या शहराला हे समजावून सांगावं लागू नये.

फक्त त्या प्रसंगात ब्रिगेडियर खेत्रपालांच्या तोंडी मनाचे संवाद घालू नका. मुलाला मारणारा माणूस समोर बसलेला असताना त्या बापाच्या मनात काय आलं असेल, ते लिहिण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. नासर यांचं बोलणं होऊ द्या, वडील ऐकताना दाखवा, आणि पडदा पाडा. त्यानंतर गाणं नको.

पुण्यात निवृत्त फौजी काही कमी नाहीत. पिंपरीपासून वानवडीपर्यंत प्रत्येक सोसायटीत एखादा सापडतो. चिलखती दलातला कुणी सापडला तर त्याला तालमीला बोलवा, चहा पाजा, संहिता ऐकवा. तो दोन वाक्यांत चूक काढून देईल. नगर तीन तासांवर आहे. लढाईनंतर फामागुस्ता परत आणून दुरुस्त केला आणि तो तिथल्या चिलखती दलाच्या केंद्रात जपला आहे. देखावा बांधण्याआधी रीतसर परवानगी मागून चार कार्यकर्ते तो बघून आले, तर प्लायवूडच्या रणगाड्याचं काम वेगळंच होईल.

आणि ज्या मंडळांना हा विषय आधीच दुसऱ्या कुणी घेतला म्हणून नको असेल, त्यांनी सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे घ्यावेत. कारवारच्या चेंडिया गावचे, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी इंजिनिअर्सपैकी. ८ एप्रिल १९४८ पासून जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी जखमी अवस्थेत सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. खडकीच्या इतक्या जवळ राहून मी त्यांचा एकही देखावा अजून पाहिलेला नाही.

शेवटी पैशाचं. सैनिकांवरच्या देखाव्यापुढे दानपेटी असते, तिचा हिशेब अनेकदा सजावटीच्या खर्चात मिसळतो. यंदा ती पेटी वेगळी ठेवा, तिच्यावर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी असं स्वच्छ लिहा, आणि जमलेली रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती मांडवातच लावा. ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो, पण निधी बारा महिने लागतो.

संहिता लिहून झाली की मला द्या. तारखा, नावं, रणगाड्यात कोण कुठे बसलं होतं, एवढं तपासून देईन. मोबदला नको. आषाढ संपायच्या आत दिलीत तर रेकॉर्डिंगच्या आधी सगळं दुरुस्त होईल.

आपली,
कसबा पेठेतली एक रहिवासी